वीतभर इंजिनाचा आवाज

माझ्या टेबलावर सध्या अल्को कंपनीच्या सी-४२४ या अमेरिकी डिझेल इंजिनाचं मॉडेल उघडं पडलंय. एरी लॅकावाना रेल्वेचा करडा-मरून रंग, पिवळ्या रेघा, लांबी जेमतेम वीतभर. मालक मिरजेचे, निवृत्त शिक्षक. त्यांना यात आवाज बसवून हवाय. नुसता हॉर्न वाजायला हवा असता तर काम सोपं होतं. पण फोन ठेवता ठेवता सर म्हणाले, "ताई, आमच्या महालक्ष्मीला जे इंजिन लागायचं ना, तसं वाटलं पाहिजे बघा."

महालक्ष्मी एक्स्प्रेस म्हणजे मुंबई-कोल्हापूर. पुण्याच्या पुढे तिला वर्षानुवर्षं डिझेल इंजिन असायचं; आता त्या मार्गावर विजेच्या तारा आल्या. तर अमेरिकेतल्या रेल्वेच्या मॉडेलातून मिरज फलाटावरचा आवाज काढायचा, अशी ही मागणी. ऐकणाऱ्याला वेडगळ वाटेल, पण सरांचं बरोबर आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या अल्को कारखान्यातून १९६२ साली पहिली डीएल-५६०सी इंजिनं भारतात आली. आपण त्यांना डब्ल्यूडीएम-२ म्हणून ओळखतो. १९६४ पासून ती वाराणसीला तयार व्हायला लागली आणि अडीच हजारांहून अधिक बनली. तिच्या पोटातलं यंत्र होतं सोळा सिलिंडरचं अल्को २५१-बी, २६०० अश्वशक्तीचं. एरी लॅकावानाच्या सी-४२४ मध्येही तेच सोळा सिलिंडरचं २५१-बी आहे. बॉडी वेगळी, बोग्या वेगळ्या, केबिन वेगळी. पण श्वास घ्यायची तऱ्हा एकच. मूळ अल्को कंपनी १९६९ मध्ये बंद पडली. तिचा आवाज मात्र आपल्याकडे पुढची कित्येक दशकं रोजच्या रोज घुमत राहिला.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझे बाबा घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते आणि आमचं घर शेडच्या आवाजाच्या टप्प्यात होतं. दुरुस्ती होऊन आलेलं इंजिन लोडबॉक्सवर लावायचे, म्हणजे इंजिन जागच्या जागी उभं ठेवून त्याची वीज मोठ्या रोधकांत जाळायची आणि एकेक नॉच, म्हणजे ताकदीची एकेक पायरी, चढवत आठव्यापर्यंत न्यायचं. गाडी तसूभर हलत नाही आणि इंजिन मात्र पूर्ण ताकदीने ओरडतंय. बाबा जेवताना हातातला घास तसाच धरून नॉच मोजायचे. पुढे मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, टेपरेकॉर्डर आणि अँप्लिफायर दुरुस्त केले, आणि आता मॉडेल रेल्वेच्या इंजिनांत साउंड डिकोडर बसवते.

मॉडेल रेल्वे म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगावं लागत नाही. भाऊ जोशींनी कोथरूडला १९९८ साली लघुरेल्वेचं संग्रहालय उघडलं, आणि शाळेच्या सहलीतून ते पाहिलेली पिढी आता स्वतः इंजिनं विकत घेते. यातलं जगभर सर्वाधिक चालणारं माप एच-ओ. खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. माझ्याकडे येणारं बहुतेक काम याच मापाचं.

जुन्या पद्धतीत रुळांमधून थेट एकदिश वीज सोडतात, शून्य ते बारा व्होल्ट. व्होल्ट वाढवले की गाडी पळते, धन-ऋण उलटं केलं की मागे येते. रुळांत जे येईल ते सरळ मोटरला मिळतं, त्यामुळे एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम सुटतात. आणि गाडी थांबवायची म्हणजे वीजच काढून घ्यायची. इथे आवाजाचा प्रश्न अडतो. खरं डिझेल इंजिन फलाटावर उभं असतं तेव्हाच आपण त्याच्या सगळ्यात जवळ असतो आणि तेव्हाच ते नीट ऐकतो. मॉडेलात नेमक्या त्या वेळी रुळांत काहीच नसतं. उभं इंजिन मुकं राहणार असेल तर आवाज बसवून उपयोग काय?

याचं उत्तर डिजिटल कमांड कंट्रोल या पद्धतीने दिलं. सगळे तिला डीसीसी म्हणतात. यात रुळांत कायम चौदा-पंधरा व्होल्ट असतात, गाडी उभी असो वा पळत असो. फक्त विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटत राहते, आणि पालटायला किती वेळ घेतला त्यातच निरोप दडलेला असतो. ५८ मायक्रोसेकंदांनी दिशा बदलली तर तो 'एक'. १०० किंवा त्याहून जास्त घेतले तर 'शून्य'. असे एक आणि शून्य ओळीने पाठवले की तयार होतो हुकूम: आधी सावधान करणारी एकांची रांग, मग इंजिनाचा पत्ता, मग काय करायचं ते, आणि शेवटी आधीचं सगळं बरोबर पोचलं का हे तपासायचा एक आकडा. तो आकडा जुळला नाही तर डिकोडर तो हुकूम मानत नाही. रुळावरची सगळी इंजिनं सगळे हुकूम ऐकतात, पण पत्ता स्वतःचा असेल तेवढाच पाळतात. म्हणजे तेच दोन रूळ वीजही वाहतात आणि निरोपही.

असे प्रयत्न आधीही झाले. जनरल इलेक्ट्रिकने १९६० च्या दशकात, हॉर्नबीने १९७९ मध्ये आपापल्या पद्धती काढल्या, पण एकाचं दुसऱ्याला चालत नसे. जर्मनीत गीसेन इथल्या लेन्झ कंपनीचं तंत्र अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकाच्या मध्यात मानक म्हणून स्वीकारलं, आणि तेव्हापासून कुठल्याही कंपनीचा डिकोडर कुठल्याही कंपनीच्या कंट्रोलरवर चालायला लागला. या एका निर्णयाने छंद जितका मोठा झाला तितका दुसऱ्या कशानेही झाला नसेल.

आवाजाची हौस त्याहून जुनी. लायोनेल कंपनीने १९३५ मध्येच टेंडरमध्ये छोटा पंखा बसवून शिट्टी वाजवून दाखवली होती. पण इंजिनाच्या आत बसणारा, पत्त्यानुसार वागणारा डिजिटल आवाज १९९० च्या दशकात आला. कोलोरॅडोत डुरँगो नावाचं गाव आहे, तिथून सिल्व्हर्टनपर्यंत अजून वाफेची अरुंद मापाची गाडी धावते. साउंडट्रॅक्स कंपनी त्याच गावची. जर्मनीत उल्मच्या ईएसयू कंपनीचा लोकसाउंड १९९९ मध्ये आला, व्हिएन्नाची झिमो कंपनीही नावाजलेली. सरांच्या इंजिनात मी लोकसाउंड बसवतेय, कारण अल्को २५१ चं ध्वनिमुद्रण त्यात चांगलं मिळतं आणि संगणकावरून ते मनासारखं बदलता येतं.

डिकोडर म्हणजे बोटाच्या पेराएवढी पट्टी. तिच्यावर एक छोटा प्रोसेसर, मोटरला वीज तोडून तोडून देणारं सर्किट, आवाज साठवायची मेमरी आणि अँप्लिफायर. मेमरीत एक सलग गाणं असतं असं लोकांना वाटतं. तसं केलं तर पाच मिनिटांत कान विटतील. आत असतात तुकडे. इंजिन सुरू होतानाचा तुकडा, नुसतं धडधडत उभं असल्याचा तुकडा, पहिल्या नॉचचा, पहिल्यावरून दुसऱ्यावर चढतानाचा, दुसऱ्याचा, असं आठव्यापर्यंत, उतरतानाचे वेगळे. तुम्ही गाडी कशी हाकता ते पाहून डिकोडर त्या क्षणी तुकडे जोडत जातो. त्यावर हॉर्न, कॉम्प्रेसर, हवा सुटण्याचा फिस्स आवाज, ब्रेकची किरकिर स्वतंत्र चालतात. लोकसाउंडच्या पाचव्या पिढीत असे दहा आवाज एकाच वेळी वाजू शकतात. शेडमध्ये उभं राहून कान टवकारले तर खऱ्या इंजिनातही एका वेळी इतकंच काही कानावर येत असतं.

आता बसवायचं काम. सरांचं मॉडेल जुन्या बनावटीचं आहे. नव्या मॉडेलांत डिकोडरसाठी तयार सॉकेट असतं, आठ पिनांचं किंवा एकवीस पिनांचं. जुनं झाकण काढायचं, डिकोडर खोचायचा, झालं. यात सॉकेट नाही, म्हणजे प्रत्येक तार हाताने सोल्डर करायची. मला खरं तर असंच काम आवडतं, कारण त्यात इंजिन समजतं.

सोल्डरला हात लावायच्या आधी मल्टिमीटर घ्यावा लागतो. मोटरचे दोन ब्रश आणि रुळांची वीज यांचा एकमेकांशी कुठेही संबंध उरता कामा नये. जुन्या पद्धतीच्या काही मॉडेलांत मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो आणि सांगाडा चाकांतून वीज घेत असतो. तेव्हा ते सोयीचं होतं. डिकोडर लावल्यावर हाच मार्ग त्याचा जीव घेतो: रुळांची सगळी वीज उलट्या दिशेने मोटरच्या बाजूने डिकोडरमध्ये शिरते, आणि शंभर डॉलरच्या आगेमागे किमतीची, वर आयातशुल्क भरून आणलेली पट्टी क्षणात जळते. म्हणून मी मीटरची एक टोचणी ब्रशवर ठेवते, दुसरी एकेका चाकाला लावत जाते. सगळीकडे 'अनंत' दिसलं पाहिजे. मग मोटर बारा व्होल्टवर चालवून फ्लायव्हील बोटाने दाबून धरते आणि ती किती अँपिअर ओढते ते पाहते. या मापाचा डिकोडर दीड अँपिअर सोसतो. सरांची मोटर अर्ध्यावरच थांबली. जुनी असूनही उत्तम आहे.

तारांचे रंग जगभर ठरलेले आहेत आणि ते पाठ असले की काम चिमटा हातात घेतल्यावर आपोआप होतं. लाल उजव्या बाजूच्या चाकांना, काळी डाव्या. नारिंगी आणि राखाडी मोटरला. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, आणि निळी सगळ्या दिव्यांची सामाईक. जुने बल्ब मी काढून टाकते आणि पिवळसर झाक असलेले एलईडी लावते, प्रत्येकाला एक किलोओहमचा रोधक जोडून. पांढराफेक एलईडी या काळातल्या इंजिनाला शोभत नाही. तारा केसापेक्षा थोड्या जाड. सगळ्या सांध्यांवर श्रिंक ट्यूब, आणि डिकोडरखाली उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टन टेप. तारा लांब ठेवायचा मोह टाळावा लागतो. बॉडी बसवताना जास्तीची तार कुठेतरी दबते आणि तिचा चिमटा पुढच्या वर्षी कळतो.

खरी कसोटी स्पीकरची, आणि इथे मला थोडं थांबून सांगायचंय.

डब्ल्यूडीएम-२ उभी असताना तिचं इंजिन मिनिटाला ४०० फेरे घेतं, आठव्या नॉचला १०००. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. सोळा सिलिंडरचा हिशेब मांडला तर उभ्या इंजिनात सेकंदाला त्रेपन्न स्फोट होतात आणि पूर्ण ताकदीवर एकशे तेहेतीस. म्हणजे तिचा मूळ सूर ५३ हर्ट्झपासून सुरू होतो. फलाटावर उभं असताना तो कानाआधी छातीत जाणवतो, तो हाच. आता सी-४२४ च्या अरुंद बॉनेटमध्ये जो स्पीकर मावतो तो ११ बाय १५ मिलिमीटरचा, मोबाईल फोनमधल्या स्पीकरचा सख्खा भाऊ. काहीशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ काहीच काढत नाही. ५३ तर त्याच्या आवाक्याबाहेरच.

तरीही चांगल्या बसवलेल्या मॉडेलात आपल्याला तो खर्ज ऐकू येतो. कारण कुठलाही खरा आवाज एका सुराचा नसतो. त्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर मिसळलेले असतात. खालचा सूर गाळला आणि वरचे ठेवले, तर मेंदू त्यांच्यातलं अंतर ओळखून गाळलेला सूर स्वतःच भरून काढतो. पण त्यासाठी वरचे सूर स्वच्छ आणि प्रमाणात पोचायला हवेत. ते पोचतात की नाही हे ठरतं स्पीकरच्या डबीवर.

कधी संधी मिळाली तर हा प्रयोग स्वतः करून पाहा. उघडा स्पीकर दोन बोटांत कडेने धरा आणि इंजिनाचा आवाज लावा. माशी गुणगुणावी असं काहीतरी ऐकू येईल. आता तोच स्पीकर बाटलीच्या छोट्या झाकणावर पालथा ठेवा आणि कड बोटांनी दाबून बंद करा. आवाज एकदम भरतो. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढत असतो. पुढची लाट आणि मागची लाट कडेने वळून एकमेकींना भेटल्या की दोघी मिटतात, आणि सगळ्यात आधी मिटतात ते खालचे सूर. डबी त्यांना भेटू देत नाही. म्हणून स्पीकर कितीही महागाचा घ्या, डबीला एक सुईएवढी फट राहिली तरी पैसे वाया. मी डबी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची करते, कोपरे इपॉक्सीने बुजवते, आणि तारा बाहेर येतात ते भोकही बुजवते. सरांच्या इंजिनात मागच्या बोगीच्या गिअरबॉक्सच्या वर जेवढी पोकळी आहे त्या मापाची एक डबी केली आणि दोन स्पीकर शेजारी शेजारी बसवले. त्यासाठी धातूच्या वजनाचा एक कोपरा कानशीने घासावा लागला. वजन कमी झालं की इंजिन कमी डबे ओढतं, म्हणून घासताना हात आखडताच ठेवावा.

बॉडी लावायच्या आधी इंजिन प्रोग्रामिंगच्या रुळावर ठेवते. तिथे वीज मुद्दाम अडीचशे मिलिअँपिअरवर रोखलेली असते. जोडणीत चूक असेल तर डिकोडर जळण्याआधी कळते. डिकोडरच्या आत सीव्ही नावाची आकड्यांची खाती असतात. पहिल्या खात्यात इंजिनाचा पत्ता. नवा डिकोडर नेहमी ३ घेऊन येतो. तिसऱ्यात वेग पकडायला किती वेळ घ्यायचा, चौथ्यात थांबायला किती. त्रेसष्टाव्यात आवाज एकूण किती मोठा.

या त्रेसष्टाव्या खात्याबद्दल माझं मत ठाम आहे. कारखान्यातून येणारा आवाज फार मोठा असतो. एच-ओ मापात मॉडेलापासून एक मीटरवर उभं राहणं म्हणजे खऱ्या इंजिनापासून सत्त्याऐंशी मीटरवर उभं राहणं. तिथून जेवढं ऐकू येईल तेवढंच ऐकू यावं. खोलीत चार इंजिनं पूर्ण आवाजात चालू असली की कुणाचंच काही कळत नाही आणि घरचे दार लावून घेतात. मी आवाज निम्म्याहून खाली आणते. मालकाला पहिल्यांदा तो कमी वाटतो, पण सहसा कोणी वाढवून मागत नाही.

सगळं जुळल्यावर मी खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावते. त्यांनी मिरज लाईनवर वर्षानुवर्षं अल्को चालवली. सरांचं इंजिन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कंट्रोलर फिरवला, गाडी सुटली, आवाज चढला. काकांनी लगेच थांबवलं.

"अगं, हे आधी धावतंय आणि मग बोलतंय. आधी बोललं पाहिजे."

एका वाक्यात त्यांनी नेमकं दुखणं दाखवलं. खऱ्या अल्कोत ड्रायव्हर नॉच देतो तेव्हा गव्हर्नर आधी इंजिनाचे फेरे वाढवतो. टर्बो सुस्त असल्याने तो मागून येतो, तोवर डिझेल जास्त आणि हवा कमी; म्हणून अल्कोच्या डोक्यावर तो काळा लोट उठतो. आवाज फुगतो, भरतो, आणि मग कपलिंगा ताणल्या जाऊन गाडी हलते. मी संगणक जोडून सुटण्याआधीचा अवधी वाढवला, तिसऱ्या खात्यातला आकडाही वाढवला. काकांनी पुन्हा फिरवला. आता इंजिन आधी घुमलं आणि मग हललं.

मग ते म्हणाले, "आता शिंदवण्याचा चढ दाखव." पुण्याहून मिरजेकडे जाताना शिंदवणे-आंबळे घाट लागतो. चढावर गाडी बैलगाडीच्या चालीने सरकते आणि इंजिन आठव्या नॉचला गर्जत असतं. पलीकडे उतारावर गाडी जोरात जाते आणि इंजिन नुसतं धडधडत असतं. आवाज वेगाबरोबर जात नाही, तो मेहनतीबरोबर जातो. साध्या डिकोडरांत आवाज वेगाला बांधलेला असतो, म्हणून ते काही वेळाने खोटे वाटायला लागतात. लोकसाउंडमध्ये एक बटण असं ठेवता येतं की ते दाबल्यावर गाडीचा वेग आहे तसा राहतो आणि कंट्रोलरने फक्त इंजिनाची ताकद वरखाली होते. काकांनी ते बटण दाबून मुंगीच्या चालीने इंजिन आठव्या नॉचला नेलं आणि टेबलाच्या टोकापर्यंत तसंच ठेवलं. पुढचा अर्धा तास त्यांनी ते मला परत दिलं नाही.

आपल्याकडे या छंदाला एक त्रास हवामानाचा. पावसाळ्यात रूळ आणि चाकं यांच्यावर पातळ काजळी धरते आणि क्षणभर वीज तुटते. नुसती मोटर असेल तर फ्लायव्हीलच्या जोरावर इंजिन पुढे सरकतं आणि कळतही नाही. पण आवाज तुटला की डिकोडरला वाटतं आपण आत्ताच जागे झालो, आणि धावत्या गाडीत इंजिन पुन्हा सुरू होण्याचा आवाज येतो. याला उपाय म्हणजे डिकोडरला कपॅसिटरची छोटी साठवण जोडायची. रूळ रुसले तरी एखाद-दोन सेकंद ती सांभाळून नेते. जागा असेल तर मी ती बसवल्याशिवाय इंजिन देत नाही. बाकी रूळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावेत. सँडपेपर कधीही लावू नये, त्याच्या ओरखड्यांत काजळी आणखी धरते.

एवढं सगळं करून सरांच्या इंजिनात एक गोष्ट अजून जुळलेली नाही. धडधड अल्कोची, चढणं अल्कोचं, पण हॉर्न दाबला की अमेरिका ऐकू येते: चार-पाच सुरांचा मेळ, तिकडच्या लेव्हल क्रॉसिंगचा. तिकडे फाटकापाशी घंटाही वाजवतात. आपल्या इंजिनाला ती नाहीच. घंटा मी काढून टाकली. हॉर्नच्या जागी काकांच्या पुतण्याने सातारा स्टेशनवर फोनवर घेतलेला एक तुकडा बसवून पाहिला. पण त्यात मागे चहावाला आहे, निवेदन आहे, वारा आहे. छोट्या स्पीकरवर ते सगळं अंगावर येतं. सरांना तो आवडला, मला नाही. त्या तुकड्यावर माझं काम अजून चालू आहे.

इथे मला वाचकांशी बोलायचंय. जर्मन, अमेरिकी, इंग्रज इंजिनांचे आवाज त्या त्या देशातल्या लोकांनी यंत्राशेजारी मायक्रोफोन लावून, नॉच-नॉच वेगळे करून जपून ठेवलेत. आपल्याकडे डब्ल्यूडीएम-२ नियमित गाड्यांना आता जवळजवळ दिसत नाही. तिची भावंडं, डब्ल्यूडीएम-३ए, डब्ल्यूडीएम-३डी, डब्ल्यूडीजी-३ए, अजून काही ठिकाणी राबतात, पण विजेच्या तारा पोचतील तशी तीही मागे पडतायत. मुंबईच्या आसपासची १५०० व्होल्टची डीसी इंजिनं तर २०१६ मध्ये सगळा मार्ग एसीवर गेला तेव्हाच संपली. आपल्या इंजिनांचा नीट मुद्रित केलेला, नॉच-नॉच सुटा असा संच मी खूप शोधला. मला मिळाला नाही.

डिझेल शेडमध्ये काम करणाऱ्या किंवा तिथे रीतसर परवानगीने जाऊ शकणाऱ्या कुणीही हे काम करू शकतं. लोडबॉक्सची चाचणी हा त्यासाठी सर्वोत्तम वेळ, कारण तिथे प्रत्येक नॉच मिनिट-दोन मिनिटं स्थिर धरतात आणि डिकोडरला नेमकं तेच हवं असतं. साधा हातात धरायचा रेकॉर्डर पुरतो. वाऱ्यासाठी त्यावर फोमची टोपी घाला, आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा आणि डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवा. आधी सुरू होताना, मग उभं असताना किमान दोन मिनिटं, मग एकेक नॉच वर आणि तसाच खाली, शेवटी बंद होताना. हॉर्न, कॉम्प्रेसर आणि ब्रेक वेगळे घ्या. बोलू नका, आणि मध्ये कुणी बोललं तर तो नॉच पुन्हा घ्या. फाईलच्या नावातच इंजिनाचा क्रमांक, शेड आणि तारीख लिहा, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा.